शिंगाड्याच्या तळ्यातले तीन सूट

माय, मामी गेली. गेल्या पौषात गेली. तुला तिकडे कळलं असेल, किंवा तिकडे असं काही कळतच नसेल, मला ठाऊक नाही. आपल्या धाकटीनं तुझ्या फोटोपुढं उभं राहून तुला सांगितलं म्हणे. मी नाही सांगितलं. ती कशी गेली हे सांगायचं तर आधी मी काय काम करते ते सांगावं लागतं, आणि तू गेलीस तेव्हा मी नांदेडला शिकतच होते. तुझ्या लेखी मी अजून त्या वसतिगृहातच असेन. आता माझे कानाजवळचे केस पांढरे झालेत माय, आणि मामी, जिच्याशी तू अर्धा जन्म भांडलीस आणि उरलेला अर्धा एकाच तळ्यात शेजारी उभी राहिलीस, ती माझ्या कामापायी गेली. तसं कोणी म्हणत नाही. धाकटीसुद्धा म्हणत नाही.

तुझी आठवण काढायला बसलं की मला आधी तुझे पाय दिसतात. दिवाळी सरली की शिंगाड्याची तोडणी रंगात यायची. तू अंधारात उठून भाकरी थापायचीस, दोन भाकरी फडक्यात बांधायचीस आणि दिवस उगवायच्या सुमारास तळ्यात उतरायचीस. छातीइतकं पाणी, खाली मांडीपर्यंत गाळ, समोर वेलींची हिरवी चटई. एकेक वेल उचलायची, खालची काटेरी फळं तोडून टोपलीत टाकायची, वेल पुन्हा पाण्यावर अंथरायची. नेसूचं लुगडं कासोट्यानं आवळलेलं, अंगाला करंजीचं तेल. त्या तेलानं जळवा कमी लागतात म्हणायचीस, पण थंडीला तेल काय करणार? दुपारी घरी यायचीस तेव्हा ओठ जांभळे असायचे आणि दात वाजत असल्यानं तुला बोलता यायचं नाही. मी चुलीत काटक्या सारायची. एकदा तू चुलीपुढं पाय पसरून बसलीस आणि मला कातडं करपल्याचा वास आला. तुझी टाच निखाऱ्याला टेकली होती. तू माझ्याकडेच बघत होतीस, शाळेत काय झालं ते विचारत होतीस. मी ओरडले तेव्हा तू खाली पाहिलंस आणि जणू दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसा तो हातानं उचलून बाजूला ठेवलास.

तरी एक गोष्ट होती. तळ्यातल्या बायांमध्ये जिला आधी हुडहुडी भरे ती म्हणायची, "निघा गं," आणि सगळ्याजणी निघायच्या. कोणाला एकटीला मागं ठेवायचं नाही की एकटीला पुढं जाऊ द्यायचं नाही. हा कायदा कोणी केला कोण जाणे. बांधावर बसलेला ठेकेदार चिडायचा, पण थरथरणाऱ्या बायांना तो तरी काय बोलणार! बहुतेक वेळा तूच म्हणायचीस. तू गेल्यावर ते मामीकडे आलं.

सातवीत असताना एका रविवारी तुला मदत करावी म्हणून मी पाण्यात उतरले होते, आठवतं? तू गाळ तुडवत आलीस, दंडाला धरून मला बांधावर ओढलंस आणि सगळ्यांदेखत थोबाडीत दिलीस. "ह्या पाण्यात पुन्हा पाय दिसला तर तंगडी मोडून हातात दीन," म्हणालीस. "साळंत जाय. माह्यामागं येऊ नको." मला लागलं नव्हतं, तुझा हात इतका गार होता की नुसतं ओलं फडकं बसल्यासारखं वाटलं. आणि मग दहावीनंतर मी नांदेडला निघाले तेव्हा वसमतच्या बाजारातून तू माझ्यासाठी स्वेटर आणलंस. लाल, दोन मापं मोठं. दिवसभर पाण्यात उभी राहणारी बाई पोरीला म्हणते, "तिकडं थंडी बाधंल." तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी ते घातलं, रंग आवडला नाही म्हणून तोंड वाकडं केलं आणि एसटीत बसले.

तू गेलीस तो वैशाख होता. काविळीनं गेलीस. तळं आटून भेगाळलं होतं, आणि जिला आम्ही जन्मभर ओली पाहिलं तिला त्या उन्हात, त्या फुफाट्यातून नेलं.

पुढं मला पुण्याजवळ नोकरी लागली. पाण्यातले खेळ खेळणारे लोक असतात माय. अरुंद नावा वल्हवतात, फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटा झेलतात, खोल बुड्या मारतात. हौसेनं. त्यांना थंडी बाधू नये, खडकावर कातडी सोलू नये म्हणून अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख लागतो. सूट म्हणतात त्याला. आमची कंपनी ते सूट करते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं. थंड पाण्यात उभं राहायचा पोशाख जगात होता, दुकानात मिळत होता, आणि आपल्या आळीत कोणाला त्याची वार्ताही नव्हती. नंतर हसू आलं नाही. मी ठरवलं की हेच काम करायचं, आणि वीस-एक वर्षं दुसरं काही केलं नाही. लग्न केलं नाही त्याचंही कारण लोक हेच सांगतात. ते खरं नाही, पण मी खोडत नाही.

जुने सूट खनिज तेलापासून केलेल्या रबराचे असतात. जाड, जड, आणि फाटले की कुठंही टाका, कुजत नाहीत. ज्या पाण्यात माणूस खेळतो त्याच पाण्याच्या तळाशी जाऊन बसतात. आम्हाला तसं नको होतं. झाडाच्या चिकातून निघणारं रबर घेतलं, आणि ते पातळ ठेवूनही ऊब कशी राहील याचा शोध करताना आम्ही पाणमांजराच्या अंगावरची लव अभ्यासली. पाणमांजर तू पाहिलेलं आहेस. नदीकाठी आपण धुणं धूत होतो आणि ते मासा तोंडात धरून वर आलं, अंग झाडलं की कोरडं ठाक. तू त्याला धोंडा मारला होतास, कारण आदल्याच दिवशी मामाचं जाळं त्यानं फाडलं होतं. त्याच्या लवेत हवा अडकून राहते माय. पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही, मधे हवेचा पदर असतो. तशी लव रबरावर उठवायला आम्हाला बरीच वर्षं लागली. कधी ती पाण्यात भिजून चपटी व्हायची, कधी धुतल्यावर झडायची. शेवटी जमलं. बर्फ टाकलेल्या हौदात मी स्वतः तो सूट घालून उतरले. तू दंडाला धरून ओढलंस त्यानंतर गार पाण्यात पहिल्यांदा पाय घातला तो तिथं. थंडी वाजली नाही. आमच्या कंपनीच्या मॅडम काठावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि मी हौदात उभी राहून तुझ्या टाचेचा विचार करत होते.

मॅडम चांगली बाई आहे. मी त्यांना म्हटलं, खेळाडू तासभर घालतात, आमच्या गावच्या बाया रोज घालतील, गाळात, शेवाळात. सूट किती टिकतो ते तिथं खरं कळेल. त्यांनी तीन सूट दिले. गेल्या साली दिवाळीनंतर ते घेऊन मी वारंगा फाट्याला उतरले. धाकटी नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून न्यायला आली होती. ती आता तुझ्यासारखीच दिसते. हातसुद्धा तसेच झालेत, बोटांच्या पेरांवर काळ्या चिरा. तिनंही शाळा सोडून तळंच धरलं, हे तुला तू असतानाच ठाऊक होतं. एका पोरीला ओढून बाहेर काढता आलं तुला. दुसरीच्या वेळी हात थकले असतील.

अंगणात पिशवी उघडली तर सगळी आळी गोळा झाली. एक सूट धाकटीला, एक शेजारच्या नव्या सुनेला, आणि एक मी मामीच्या मापाचा करून आणला होता. मामीनं तो बोटानं उचलून पाहिला, आतून हात फिरवला.

"ह्ये घालून म्हशीवानी दिसीन की गं मी," ती म्हणाली.

"दिसू दे ना मामी. थंडी वाजणार नाही."

"थंडीची सवय हाय मला. ह्येची न्हाई. माह्या लुगड्यात मला बराबर वाटते. दे कोन्या लेकराला."

मी खूप विनवलं. धाकटी रागावली. मामी नुसती हसत राहिली आणि तो सूट तिनं चुलत भावाच्या बायकोच्या अंगावर टाकला. म्हातारीवर जबरदस्ती कशी करायची? मला वाटलं, दोन दिवस बघेल आणि स्वतःच मागेल. मी दुसरा करून पाठवीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर उभी होते. धुकं होतं. तिघी काळ्या सुटांमध्ये उतरल्या, बाकीच्या बाया लुगड्यांत. धाकटी छातीइतक्या पाण्यात गेली, थांबली, आणि मागं वळून ओरडली, "आक्का, पानी लागूनच न्हाई राहिलं गं!" आणि ती हसली. माय, त्या पाण्यात आपल्या घरातलं कोणी हसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तिथंच बांधावर बसून रडले. सुखानं रडले, हे मुद्दाम सांगते, कारण त्यानंतर तसं रडू आलेलं नाही. दुपारी बाकीच्या बाया दात वाजवत निघाल्या आणि ह्या तिघीही त्यांच्याबरोबर निघाल्या. चारेक दिवस राहून मी परत गेले.

धाकटी दर रविवारी फोन करायची. सूट कसा आहे, लव झडली का, आत खाज येते का, मी हेच विचारायची. ती सांगायची, झकास आहे. रात्री झोप लागते, सांधे दुखत नाहीत. मग एका रविवारी म्हणाली की आता टोपल्या जास्त भरतात. मी म्हटलं, छान. पुढच्या रविवारी सांगितलं की आताचा ठेकेदार बांधावरून म्हणाला, "तुमाला तं थंडी बी वाजत न्हाई आता, मंग काहून निघून राहिल्या?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिघी थांबल्या. तासभर थांबल्या, मग रोजच थांबू लागल्या. मी ते ऐकलं आणि लवेबद्दल पुढचा प्रश्न विचारला.

बाकीच्या बायांचं काय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्या निघायला लागल्या की ठेकेदार म्हणायचा, "त्या तिघी हायत की अजून. तुमालाच काय झालं?" आणि सगळ्या जातात तेव्हा जाणं वेगळं, तिघी मागं काम करत असताना जाणं वेगळं. ज्या निघतील त्यांना पुढच्या साली बोलावलं नाही तर? म्हणून त्याही थांबू लागल्या. लुगड्यात, करंजीच्या तेलात. मामी थांबली, कारण सगळ्यात थोरली तीच आणि पोरी पाण्यात असताना ती कशी निघेल? निघायला दुपारच्या जागी दिवस कलू लागला, मग दिवस मावळू लागला. धाकटीनं मला नंतर सांगितलं की तिला हे दिसत होतं. "पन मला सोताला थंडी वाजत न्हवती ना आक्का. मंग दुसऱ्याची ध्यानातच राहीना."

पौष लागता लागता फोन आला की मामीला ताप आहे, छातीत घरघर आहे. मी निघाले. ती सरकारी दवाखान्यात होती, नाकाला नळी लावलेली. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया, वय झालंय, प्रयत्न चालू आहेत. प्रयत्न खरंच चालू होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मामीनं मला ओळखलं. माझा हात धरला. तिच्या हाताची कातडी भिजलेल्या कागदासारखी पांढरी, सुरकुतलेली होती, जणू ती अजून पाण्यातच होती.

"मामी, काहून थांबलीस गं तू?" मी विचारलं. शहरात राहून विसरलेली माझी बोली तिच्यापुढं आपोआप तोंडात आली.

तिनं बराच वेळ श्वास गोळा केला. म्हणाली, "मी म्हनलं, निघा गं. दोनदा म्हनलं. कोनी निघालंच न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. नवल होतं. तिला अजून ते समजलं नव्हतं. तुझ्यानंतर इतकी वर्षं तिनं म्हटलं की बाया निघाल्या होत्या, आणि एक दिवस निघाल्या नाहीत, एवढंच तिला कळलं होतं. दोन दिवसांनी ती गेली.

तिसऱ्याला ठेकेदार आला. हात जोडून बसला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. त्याची आईही मामीबरोबर तळ्यात असायची. जाताना दारात थांबून मला म्हणाला, "आक्का, तसले कपडे अजून भेटतील का? समद्या बायांसाठी आना. मामीनं घातला असता तं आज बसली असती." मी हो म्हणाले. मलाही तेच वाटत होतं, की चूक फक्त आकड्याची झाली, तीनच्या जागी सगळ्यांना आणले असते तर झालं असतं. आत येऊन मी धाकटीला तसं सांगितलं. म्हटलं, मॅडमच्या पाया पडेन, पण आळीतल्या प्रत्येकीला सूट मिळेल.

धाकटी भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मंग काय व्हईल?" म्हणाली.

"मग कोणाला थंडी वाजणार नाही."

"मंग समद्याच दिवस मावळेपर्यंत उभ्या राहू. पुढच्या साली दिवा लावून तोडा म्हनतील. थंडी हुती तवर आमाला घरी तरी जाता येत हुतं, आक्का."

  निघताना पाहिलं तर तिन्ही सूट धुऊन, सावलीत वाळवून, घडी करून माझ्या पिशवीत ठेवलेले. "चांगले हायत," ती म्हणाली. "त्यात वाईट काईच न्हाई. पन आमच्यात नको." फाट्यावर सोडायला आली, बस येईपर्यंत शेजारी उभी राहिली, आणि आम्ही दोघी रस्त्यावरचे ट्रक बघत राहिलो.

पुण्याला आल्यावर मी ते सूट तपासले. महिनाभर तेच केलं. लव मोजली, ताणून पाहिली, पुन्हा हौदात बुडवली. मला त्यात दोष हवा होता माय. कुठं शिवण उसवलेली असावी, कुठं पाणी शिरत असावं, म्हणजे ते दुरुस्त करता आलं असतं. काही नव्हतं. इतक्या गाळात, इतके तास वापरून सूट जसेच्या तसे होते. मॅडमना मी सगळं सांगितलं, मामीचंही. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "फार वाईट झालं. पण यात सुटाचा दोष नाही गं." खरंच नाही. तेच तर मला सहन होत नाही. आता ते सूट बाजारात आलेत. नावा वल्हवणारे लोक ते घालतात, थंडी वाजत नाही म्हणून आम्हाला कौतुकाची पत्रं येतात, आणि दमले की ते आपले आपण पाण्याबाहेर येतात. त्यांना कोणी काहून निघालात म्हणून विचारत नाही.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, याचा मी फार विचार केला. आधी वाटायचं, तू थोबाडीत देशील. आता तसंही वाटत नाही. तू बहुतेक काहीच म्हणाली नसतीस, उठून भाकरी थापायला बसली असतीस. माझ्या कामात मन लागत नाही. सोडतही नाही, कारण दुसरं काही मला येत नाही. सकाळी जाते, रबराचे तुकडे पाण्यात बुडवते, वर काढते, किती भिजले ते लिहिते. पूर्वी हे तुझ्यासाठी करतेय असं वाटायचं. आता कोणासाठी, ते मी स्वतःला विचारायचं सोडलंय.

हे सगळं मामी निघायच्या आधी लिहून झालं असतं तर तिच्याजवळ दिलं असतं, ती तुला भेटणार म्हणून. पण तिच्याशिवाय यात लिहायला काही नव्हतं, आणि आता नेणारं कोणी नाही. तसंही तुला वाचता येत नव्हतं. तू माझं पत्र आलं की मामीच्या पोराकडून वाचून घ्यायचीस. हे त्याच्याकडून कसं वाचून घेशील?

एकच राहिलं. काल धाकटीचा फोन आला होता. औंदा तोडणी सुरू झालीय. ती लुगड्यात उतरते, तेल लावून, पहिल्यासारखी. आवाज कापत होता, नुकतीच घरी आली होती, दात वाजत होते. म्हणाली, "लई थंडी हाय गं आक्का. दुपारीच निघालो समद्याजनी." मी तिला म्हटलं, चुलीजवळ बस, गरम चहा घे, जप. बहीण म्हणते तसं सगळं म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, माय. तिला थंडी वाजतेय हे ऐकून मला बरं वाटलं.